पाटलाचं पाणी

२९ जानेवारी १९८४, रविवार

ही वही आजपासून माशाची. माणसांबद्दल इथे काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे. माणसांबद्दल लिहायला बसले की माझा हात सैल सुटतो.

फेबियन सकाळी टेम्पोतून काचेची टाकी घेऊन दारात हजर. माझा जुना विद्यार्थी, आता बँकेत आहे. बदली नागपूरला झाली, मासा नेता येत नाही. "टीचर, तुम्ही शास्त्र शिकवता. तुमच्याशिवाय कोण सांभाळणार?" म्हणाला. स्तुती केली की मी गळाला लागते हे त्याला सातवीपासून ठाऊक आहे.

टाकी तीन फुटी, लोखंडी चौकटीची, कडांना पुट्टी. तळाला खडे, एका कोपऱ्यात कौलाचा तुकडा, त्याच्याखाली मासा. एकच. वीतभर लांब, काळानिळा, अंगावर चमकते ठिपके. जात सिक्लिड, मूळचा अमेरिकेतला. फेबियन त्याला पाटील म्हणतो, कारण दिवसभर गस्त घालतो आणि आपल्या हद्दीत कुणाला उभं करत नाही. दर रविवारी एक तृतीयांश पाणी बदलायचं, सगळं कधीच नाही. नवं पाणी दोन दिवस टबात उघडं ठेवून मगच घालायचं. खायला गांडुळं नाहीतर करंदी. आणि जोडीला दुसरा मासा आणायचा नाही, हे त्याने दोनदा सांगितलं.

टाकी ओटीवर खिडकीखाली ठेवली. सालोमी म्हणाली, तिथे तिची पेटी ठेवायची होती. पेटी आतल्या खोलीत पलंगाखाली राहील. (सालोमी माझी थोरली बहीण. नाताळानंतर मुंबईहून कायमची आली. तिच्याबद्दल एवढं पुरे.)

५ फेब्रुवारी, रविवार

पाणी बदललं. आपल्या परसातल्या विहिरीचं पाणी गोडं आहे, पाटलाला मानवलं. आता मला ओळखतो. मी जवळ गेले की काचेशी येतो, सालोमी गेली की कल्ले फुगवून अंगावर धावतो. मला हसू आलं. तिला नाही आलं.

वहीचा नियम मोडते आहे, पण एकदाच लिहून टाकते. सालोमीचा नवरा इग्नेशियस ऑक्टोबरात गेला. माझगावची खोली दिराच्या नावावर, दिराच्या मुलाचं लग्न ठरलं, तेव्हा हिने बावीस वर्षांचा संसार एका पेटीत भरला आणि इथे माहेरी, भुईगावात आली. मूलबाळ नाही. जाणार कुठे? बाबा म्हणायचे घर दोघींचं. म्हणायला काय जातं. नऊ वर्षं त्यांना उचलून बसवायला, भरवायला मी एकटी होते. लग्नाचं वय त्यातच उलटलं. मी तक्रार करत नाही, फक्त नोंद करते.

ती संध्याकाळी टाकीपुढे खुर्ची ओढून बसते. माझी खुर्ची. म्हणते, "एकटाच आहे गो बिचारा. जोडीला कोणीतरी आण त्याच्या."

१२ फेब्रुवारी, रविवार

आणला. मुंबईला पुस्तकं घ्यायला गेले होते, माशांचं दुकान दिसलं. त्याच जातीचा, बोटभर लहान. दुकानदारानेही विचारलं, आधीचा मोठा आहे का? मी म्हटलं, शांत आहे. का म्हटलं असेन?

१४ फेब्रुवारी, मंगळवार

मेला. काल दिवसभर पाटील त्याच्यामागे होता. टाकीत पळून पळून पळणार किती? तो वरच्या कोपऱ्यात हवेच्या नळीमागे लपून राहिला, शेपटीचा चिंध्या झालेला पंखा हलवत. मी शाळेतून आले तर पांढरा पडून तरंगत होता.

मला फार वाईट वाटलं. फेबियनने बजावलं होतं. मुलांना मी प्राण्यांच्या हद्दीवर धडा शिकवते, फळ्यावर चित्र काढून. आणि तरी सालोमीला म्हटलं, "तुझ्या दयेपायी मेला." केळीखाली खड्डा करून तिने त्याला पुरलं, वर माती थोपटली. आणला मी होता. तिने नुसतं सुचवलं होतं.

पाटलाला मात्र मी दोष देत नाही. तो आधीपासून तिथे होता.

२ मार्च, शुक्रवार

पाटलाची नवी सवय: कौल मी उजव्या कोपऱ्यात सरळ ठेवते, तो त्याच्याखालचे खडे तोंडाने उचलून दुसरीकडे टाकतो आणि कौल कलंडवतो. मी पुन्हा ठेवते, तो पुन्हा कलंडवतो. चिकाटी बघण्यासारखी आहे.

स्वयंपाकघरात सालोमीने मसाल्याचे डबे हलवले. मीठ चुलीजवळ, तांदूळ खाली. तिच्या माझगावच्या खोलीत तसे होते म्हणे. ती चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेला गेल्यावर मी सगळे परत जागेवर लावले. संध्याकाळी ते पुन्हा हललेले. आज सकाळी मी पुन्हा लावले. यावर आम्ही दोघी एक अक्षर बोललेलो नाही.

७ मार्च, राखेचा बुधवार

कपाळाला राख लावून घेतली. पश्चात्ताप करा, असं फादर प्रत्येकाला म्हणतात. मला जरा थांबून म्हणाले असं वाटलं. तसं काही नसेल.

रविवारपासून सालोमी आणि मी बोलत नाही. तिने राजोडीच्या इझाबेलला, आमच्या मावशीच्या मुलीला, ईस्टरला आठ दिवस राहायला बोलावलं. मला न विचारता. मी म्हटलं, "माझ्या घरात पाहुणे बोलवायच्या आधी मला विचारत जा." बोलून गेले आणि मग ऐकलं मी काय बोलले ते. सालोमीने ताटातला घास तोंडात घातला, चावला, गिळला, आणि ताट उचलून मोरीत गेली. तेव्हापासून अबोला.

रोझरी मात्र चुकत नाही. आईच्या वेळेपासून या घरात दिवेलागणीला जपमाळ झाल्याशिवाय कुणी जेवलेलं नाही, भांडण असो की ताप. अर्धी प्रार्थना ती म्हणते, उरलेली अर्धी मी. पन्नास वेळा. दिवसभरात आमचं बोलणं म्हणाल तर तेवढंच, आणि तेही मरियामातेशी.

१८ मार्च, रविवार

पाणी बदललं. टबात पुन्हा भरून ठेवलं. पाटील ठीक.

मी लहानपणापासून सालोमीला बाय म्हणते. आज आठ वाजता तिला खोकल्याची उबळ आली, तेव्हा 'बाय, पाणी देऊ?' तोंडाशी आलं होतं. तिने स्वतःच घेतलं.

२१ मार्च, बुधवार

शाळेत पंचायतीची सूचना आली. गावात काविळीचे रुग्ण सापडले आहेत, उद्या सकाळी सगळ्या विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकणार, दोन दिवस पाणी वापरू नये, आजच भरून ठेवावं. आठवीच्या वर्गात मी ती दोनदा वाचून दाखवली आणि मागच्या बाकावरच्या ज्युलियसला उठवून वदवूनही घेतली. घरोघरी सांगा, म्हटलं.

घरी येऊन हंडा, कळशी, पातेली, सगळं भरलं. सालोमी दारात उभी राहून बघत होती. एवढं पाणी कशाला ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

२२ मार्च, गुरुवार

पाटील मेला.

सकाळी सालोमी मिस्सेला गेली असताना पंचायतीचा धर्मा आला, विहिरीत पावडर ओतली, बादलीने ढवळली, गेला. मी साडेसातला शाळेत गेले. दुपारी एक वाजता आले तर टाकी लख्ख. काचा पुसलेल्या, खडे धुतलेले, पाणी आरशासारखं, आणि त्यात पाटील आडवा पडलेला. रंग उडालेला, राखाडी. कल्ल्यांवर शेंबडासारखा पांढरा थर.

सालोमी टाकीशेजारी जमिनीवर बसली होती. "टबातलं पानी शिळं होतं म्हणून ओतलं," म्हणाली. "सगळं ताजं भरलं विहिरीतून. तुला बरं वाटेल म्हणून." अडीच आठवड्यांनी ती माझ्याशी बोलत होती. मी म्हटलं, "वास नाही आला पाण्याला?" तर म्हणाली, "आला ना. मुंबईच्या नळाला रोज तोच वास. वाटलं, किती स्वच्छ पानी आहे आज."

मी म्हणाले, "माझ्या वस्तूंना हात लावायला तुला कुणी सांगितलं होतं?"

पावडरीबद्दल काही बोलले नाही. ते सांगायचं राहून गेलं.

२३ मार्च, शुक्रवार

शेजारची पॉलिन आली होती. तिला सालोमीनेच सांगितलं, "माझ्या हातून आग्नेसचा मासा गेला." पॉलिन हसत म्हणाली, "तुला बाजारला पाठवायला हवं. मासे टोपलीतच माना टाकतील." दुपारपर्यंत गल्लीभर झालं. मीही हसले. सगळे हसत असताना गप्प बसले असते तर कसं दिसलं असतं?

सालोमी जेवली नाही. संध्याकाळी रोझरीत तिचा आवाज दोनदा फुटला. पाटलालाही तिनेच पुरलं, त्या लहान माशाच्या शेजारी. जिवंतपणी त्यांचं जमलं नव्हतं, पण जागा दुसरी नव्हती.

२५ मार्च, रविवार

पाणी बदलायचा दिवस. सवयीने उठले, टबापाशी गेले, परत आले.

गुरुवारी मी लिहिलं की सांगायचं राहून गेलं. ते खोटं आहे, आणि स्वतःच्या वहीत खोटं लिहिण्याइतका मूर्खपणा नाही. चाळीस मुलांना सांगायचं राहून गेलं नाही. हंडा भरताना सांगणार होते. पण मग मला आधी बोलावं लागलं असतं, आणि मला वाटत होतं की आधी तिने बोलावं. एवढ्यासाठी. तिने ते पाणी प्यायलं असतं तर? पिण्याचं मी भरलं होतं, खरं. पण तिने विहिरीवर उभ्याने ओंजळभर प्यायलं असतं तर मी काय लिहिलं असतं?

उद्या सांगते. साधी गोष्ट आहे. बाय, तुझी चूक नव्हती. पाच शब्दही होत नाहीत.

२८ मार्च, बुधवार

सांगितलं नाही. सोमवारी पॉलिन बसली होती. काल माझं डोकं दुखत होतं. आज सालोमी स्वतःहून माझ्या शाळेच्या साडीला इस्त्री करत होती आणि मला तिच्याकडे बघवलं नाही.

तिची वागणूक हल्ली फार नरम झाली आहे. डबे माझ्या जागेवर असतात. खुर्चीत बसत नाही. रोझरी संपली की क्षणभर तशीच गुडघ्यांवर थांबते, माझ्याकडे बघते, मग उठते. घर अगदी शांत आहे. मला हवं होतं तसं. लिहायला लाज वाटते, पण पहिले दोन दिवस मला त्यात सुख वाटलं.

३१ मार्च, शनिवार

शाळेतून आले तर सालोमीची पेटी ओटीवर. म्हणाली, इझाबेलचे गुडघे धरलेत, तिच्याकडे राजोडीला मदतीला जाते.

"किती दिवस?"

"बघू."

मी म्हटलं, बरं. एसटीच्या थांब्यापर्यंत पेटीची एक कडी तिने धरली, एक मी. पेटी जड नव्हती. वाटेत वाडीतल्या पानवेली, कुणाचं भाताचं तूस, पॉलिनच्या दारात वाळत घातलेले बोंबील, यावर आम्ही बोललो. एसटी येईपर्यंत पंधरा मिनिटं होती. पंधरा मिनिटांत माणूस किती वेळा तोंड उघडू शकतं! चढताना तिने मागे वळून पाहिलं, मी हात हलवला.

माशामुळे गेली. एका माशाचं तिने इतकं मनाला लावून घेतलं.

८ एप्रिल, रविवार

सगळं घर माझं. डबे जागेवर, खुर्ची जागेवर. रोझरी एकटी म्हणते, दोन्ही अर्धी मीच. दहाव्या मण्याला येईपर्यंत घसा कोरडा पडतो.

काल पापनिवेदनाला गेले. आमच्या चर्चमध्ये नाही. तिथले फादर माझा आवाज ओळखतात. टांगा करून दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये गेले. सांगितलं की माझ्या हलगर्जीपणाने एक मासा मेला. जाळीपलीकडून फादरांना हसू आवरलं नाही. म्हणाले, "बाई, मासा मारणं पाप असतं तर अर्धी वसई नरकात जाईल." आणखी काही आहे का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही. तीन वेळा 'हे आमच्या बापा' म्हणायला सांगून त्यांनी मला मोकळं केलं.

मोकळी होऊन बाहेर आले आणि पायरीवर बसले. पाप केलं ते केलं, वर पापनिवेदनाच्या जाळीपाशी गुडघे टेकून देवाच्या तोंडावर खोटं बोलले. सेहेचाळीस वर्षांची बाई. याहून भित्रं माणूस मी वर्गात पाहिलेलं नाही.

१५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

दोन एसट्या बदलून राजोडीला जाऊन आले. सगळं क्रमाने लिहिते.

इझाबेल चर्चमधून आली नव्हती. सालोमी मागच्या पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही. "ये," म्हणाली. मी उभीच राहिले, कारण बसले असते तर पुन्हा बोंबील आणि पानवेलींवर बोलणं गेलं असतं.

म्हटलं, "बाय, त्या दिवशी विहिरीत पावडर टाकली होती. त्याने मासा मेला. मला आदल्या दिवसापासून माहीत होतं. तुला मुद्दाम सांगितलं नाही, आणि नंतर तुझ्यावर आळ राहू दिला."

तिचा हात थांबला नाही. एक खडा वेचून तिने बाजूला टाकला.

"माहीत आहे मला," म्हणाली. "धर्मा दुसऱ्या दिवशी सकाळी आला होता, पानी वापरलं नाहीत ना विचारायला. म्हणाला, टीचरनी पोरांना दोनदा वाचून दाखवलं."

मी मनात दिवस मोजले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पॉलिन आली त्याच शुक्रवारी, आणि तिच्या आधी. तिने गल्लीला स्वतःवर हसू दिलं ते सगळं माहीत असून. साडीला इस्त्री केली ती माहीत असून.

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगतेस का ते बघत होते. रोज रोझरी संपली की वाटायचं, आज सांगेल. आठ दिवस बघितलं, मग पेटी भरली." सूप पाखडून तिने खाली ठेवलं. "मासा गेला त्याचं वाईट वाटलं. पण त्यासाठी कोणी घर सोडतं का गो? मी रडत होते आणि तुला ते बरं वाटत होतं. ते मला दिसलं, आगू. म्हणून गेले."

नाही म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. वर्गात कुणी खोटं बोलायच्या आधी जसं तोंड उघडतं ते मला चांगलं माहीत आहे. मी मिटलं.

"हो," म्हटलं. "बरं वाटत होतं."

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. रडली नाही, रागावली नाही. मला वाटलं होतं, खरं बोलले की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. उलट ते कायमचं माझं झालं. इतके दिवस ते मी तिच्या पेटीत घालून पाठवलं होतं, आता घरी घेऊन आले आहे.

"घरी चल," मी म्हटलं. "घर तुझंही आहे."

"ते मला बाबांनी सांगितलंय. ते तू मला द्यायचं नाहीये." मग जरा हळू: "ईस्टर होऊ दे. आत्ता काही विचारू नकोस."

परतीच्या एसटीला वेळ होता. इझाबेल आली, काठी टेकत, आणि मला जेवल्याशिवाय सोडायला तयार होईना. पाटांवर त्या दोघींची जागा ठरलेली होती. एक पाट भिंतीशी, एक चुलीशी. इझाबेल सालोमीला म्हणाली, "जरा सरक गो, आग्नेसला बसू दे."

सालोमी सरकली नाही. रागाने नाही, ती नुसती आपल्या जागेवर बसून राहिली, आमटी ढवळत. मी म्हटलं, राहू दे, मी इथे बसते. उंबऱ्याजवळ ताट घेऊन बसले आणि जेवले.